जनुकं पिसतात की विचरतात?

भाषांतरू: आंबा बागायतदारांसाठी एक पुस्तिका मराठीत करतोय. हापूसची कोय रुजवली तर हापूसच का येत नाही, हा भाग आहे. 'रिकॉम्बिनेशन'ला शाळेच्या पुस्तकात होता तसा 'जनुकीय विचरण' लिहिला. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, "जनुकं कुठे विचरतात? रानात?" दुसरा शब्द सुचवा.

पाटीपेन्सिल: 'पुनःसंयोग' आहे की. पण वर्गात मी सरळ 'अदलाबदल' म्हणते. अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे पराग-बीजांड बनताना होणाऱ्या पेशीविभाजनात, आईकडचं आणि बापाकडचं जोडीदार गुणसूत्र एकमेकांना बिलगतात, तुकडे बदलतात, मग वेगळे होतात. यालाच 'पारगती' म्हटलं की मागचा बाक झोपतो.

भाषांतरू: 'पिसणे' चालेल? पत्ते पिसतो तसं?

शुद्धमती: पिसणे म्हणजे दळणे, तेही हिंदीत. कृपा करा.

कोयाडं: हो का? मग आम्ही गणपतीत रात्रभर काय दळत होतो? पत्ते पिसणे अस्सल मराठी आहे.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे पत्ते फेटतात बाप्पा.

शुद्धमती: ते तर आणखीच हिंदी.

पाटीपेन्सिल: पिसणं आवडलं, पण ते अर्धंच काम करतं. आंब्यात गुणसूत्रांच्या 20 जोड्या. प्रत्येक जोडीतलं कुठलं परागात जाणार, ते नाणेफेकीवर. जोडीतली दोन्ही वेगळी असतील तर एकाच झाडाच्या परागाचे 10,48,576 प्रकार झाले. मादीच्या बाजूनेही तेवढेच, आणि पराग बहुधा शेजारच्या झाडाचा. हे झालं पिसणं. तुकड्यांची अदलाबदल म्हणजे मात्र बदामचा राजा फाडून त्याचं अर्धं धड किलवरच्या राजाला चिकटवायचं. त्याला पिसणं कसं म्हणणार?

कोयाडं: एकाच जोडीतली ना ती? मग बदामचे दोन राजे म्हणा, दोन वेगळ्या कॅटमधले.

पाटीपेन्सिल: बरोबर. चूक माझी.

बाठा: वेंगुर्ल्याच्या 'रत्ना' या संकरित आंब्याचं उदाहरण घाला. आई नीलम, बाप हापूस. पुढे त्याच रत्नावर पुन्हा हापूसचा पराग घालून सिंधू केला, त्याची कोय अगदी पातळ. एकदा जमलं की कलमं बांधायची. कलमात पिसणं नाही, हातात आलेलं पान तसंच राहतं. रायवळ मात्र दर कोयीला नवा डाव.

केळीचा बाग: दर कोयीला नाही. ओलूर, बप्पकाई या जातींच्या एकाच कोयीतून अनेक कोंब येतात आणि बहुतेक थेट मातृझाडाच्या पेशींपासून झालेले असतात. कोय लावली तरी झाड आईसारखंच.

शुद्धमती: 'रायवळ' म्हणजे राईतला, बरं का.

बाठा: काहीतरीच. आमच्या परसात एकच झाड आहे, तेही रायवळ. राई कुठली?

शुद्धमती: मग 'राय' म्हणजे राजा.

बाठा: राजा हापूस. रायवळाला राजा म्हणणाऱ्याने तो चोखून बघितलेला नाही. दातात दोरे अडकतात.

कोयाडं: चोखायचाच तर रायवळ. हापूस कापून खातात, ती पाहुण्यांची रीत.

भाषांतरू: मंडळी, 'रिकॉम्बिनेशन'?

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे त्याला गावरान म्हणतात.

भाषांतरू: रिकॉम्बिनेशनला?

वऱ्हाडी ठेचा: रायवळाला.