आधी ड्रमरचा पाय बघा

नियमित कार्यक्रम करणारा बँड बेसवाल्याने (बेस गिटार वाजवणाऱ्याने) मुंबईत शोधायचा कसा आणि पारखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. वर दोघांनी ऑडिशनची तयारी सांगितली आहे. मी म्हणेन, त्याआधी त्यांचा एक कार्यक्रम समोर उभं राहून ऐका. गायकाकडे नको, ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघा. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बेस एकत्र पडले तरच गाणं उभं राहतं. बांद्र्यात मी ऐकलेल्या एका बँडचा ड्रमर प्रत्येक फिलनंतर (ओळींमधल्या जागेत वाजवायच्या छोट्या तुकड्यानंतर) लय पळवायचा. मी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला.

मग सरळ विचारा, पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा ठरल्यात का? ‘बोलणी चालू आहेत’ म्हणजे तारखा नाहीत. आधीचा बेसवाला का गेला, हे जमल्यास त्यालाच विचारा. मानधनाच्या हिशेबात शेवटची लोकल चुकल्यावरचं टॅक्सीभाडंही धरा.

शोधायचं तर सरावाच्या स्टुडिओवाल्याशी ओळख वाढवा. दर आठवड्याला खोली कोण घेतं, कोणाचा बेसवाला गळालाय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि ऑर्केस्ट्राला कमी लेखू नका. गायक ऐन वेळी सांगतो, ‘आज पांढरी चार नको, काळी दोन घ्या.’ या हार्मोनियमच्या पट्ट्या; काळी दोन म्हणजे डी शार्प. चार तारांच्या बेसची सर्वात खालच्या सुराची तार ई, त्यामुळे तिच्याखालचा डी शार्प मिळतच नाही. ए तारेच्या सहाव्या घरात जाऊन अख्खी चाल नव्याने बसवावी लागते, तीही गाणं सुरू व्हायच्या आत. माझा हात तिथेच तयार झाला.