फुलपाखरांचे फोटो: सावलीत शटर किती ठेवता?

मंडळी मदत हवी आहे. परवा फोंड्याजवळ प्रियोळच्या फुलपाखरू उद्यानात गेलेलो, गोव्यात आम्ही पिसोळीं म्हणतो त्यांना, पण फोटो मात्र सगळे गंडले. पणजीहून एसी गाडीतून उतरलो आणि बॅग उघडल्या उघडल्या लेन्सवर धुकं, रुमालाने पुसलं तर परत तेच, वीस मिनिटं नुसता उभा! आता पुढच्या वेळी गाडीतच एसी बंद करून बॅग आधी गरम होऊ द्यायची, एवढं कळलंय.

खरी अडचण पुढे. 100 एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), एफ 8 (लेन्सचं छिद्र), शटर 1/250 सेकंद, आणि झाडांच्या सावलीत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 3200 वर गेला. ब्लू मॉर्मन (तेच, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू) एक्झोऱ्याच्या फुलांवर बसून मध पितानाही पंख फडफडवतच राहतं, त्यामुळे डोळा शार्प आणि पंख सगळे पुसट. एफ 4 केलं (छिद्र मोठं) तर एकच पंख फोकसमध्ये. फ्लॅश मारला की काळ्या पंखावर चकाकी, वर मागचं सगळं काळंकुट्ट.

डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) घरी बनवलेला चालेल का? थर्माकोलचा वगैरे? की शटर 1/800 करून ग्रेन (फोटोतले दाणे) सहन करायचा? कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, रविवारी परत जायचंय.