पुस्तकासोबत माणूसही हवा

घरोघरी पुस्तकं वाटली की पालक आपोआप वाचून दाखवतील, हे मला अर्धंच पटतं. पुस्तक देताना ते कसं वाचायचं हेही कुणीतरी दाखवायला हवं. १९८९ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या ‘रीच आउट अँड रीड’ उपक्रमात डॉक्टरच तपासणीच्या वेळी बाळाच्या हातात पुस्तक देतात आणि आईबाबांशी त्याबद्दल बोलतात. सहा महिन्यांचं बाळ आधी पुस्तकाचा कोपरा चोखतं, मग थोडं मोठं झालं की दोन-दोन पानं एकदम उलटतं. पुस्तक फाटेल म्हणून मोठी माणसं ते काढून घेतात आणि तिथेच सगळं थांबतं! लसीकरणाच्या रांगेत कुणी शेजारी बसून एवढं समजावलं तरी खूप. आणि हो, वाचता न येणाऱ्या आजीने चित्रं बघून आपल्या बोलीत गोष्ट रचली, तरी ते वाचनच.