ल्युपस दिव्यांगत्वात धरावा की नाही?

वेचणी (जि. यवतमाळ): माझ्या जावेला ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. सांधे धरतात, अंगातला थकवा जात नाही, किडनीलाही धोका. ऊन लागलं की आजार उसळतो, आणि आमच्याकडे बाईच्या हाताला काम म्हणजे निंदण, सोंगणी, कापूस वेचणी. सगळं उन्हातलं. नवऱ्याचा फुल शर्ट चढवून, तोंडाला दुपट्टा बांधून ती जाते. पण बोटं वळत नाहीत, बोंडाची टोकं टोचतात आणि मजुरी किलोवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ल्युपस नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार मात्र आहे. तेही दुखणं येतं-जातं, मधल्या दिवसांत माणूस धडधाकट दिसतो. मग हा आजार का नको? माझं मत ठाम आहे, यादीत घ्या.

कास्तकार: ताई, राग नका येऊ देऊ. नाव घातलं तरी सवलतीले 40 टक्के दिव्यांगत्व लागते, ते कोन ठरवन? तपासनीच्या दिवशी बरी दिसली त काहीच नाई लिहिनार. कागदापायी चकरा मारन्यापेक्षा काम बदला. सावलीतलं पाहा.

वेचणी: एका दिवसाची तपासणी नकोच. वर्षभराचे कागद बघा. लघवीतून प्रथिन किती गेलं, स्टिरॉइड किती चाललं, भरती किती वेळा झाली.

गावची नर्स: मी यादीच्या बाजूची नाही. स्टिरॉइडनं खुब्याचं हाड खराब झालं तर अस्थिव्यंगाचं प्रमाणपत्र आजही मागता येतं. दुर्धर आजारानं कमावता येत नसेल तर संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला करा. मला जास्त काळजी गोळ्यांची वाटते. बरं वाटलं की बाया एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ल्युपसची रोजची गोळी) बंद करतात आणि दुखणं पुन्हा उठतं. गोळी नियमित घेऊन, वर्षातून एकदा डोळे तपासून कितीतरी जणी कामावर टिकतात.

वेचणी: गोळीचं पटलं. पण प्रमाणपत्रासाठी हाड झिजेपर्यंत वाट बघायची? तोवर घर कशावर चालवायचं?

पुण्यातून: सूर्य वर यायच्या आत वेचणी उरकता येणार नाही का?

कास्तकार: दादा, सकाळी दव राहते. ओल्या कापसाले व्यापारी भाव पाडते. कवडी, म्हंजे किडका-खराब कापूस, निवडाचं काम घरात बसून होते, ते मी देतो. रोजीनं देईन, किलोवर नाई.

वेचणी: रोजी बाकीच्या बायांइतकीच?

कास्तकार: अर्धी. खोटं कायले बोलू, माह्या मालाले भाव नाई, पूर्न परवडत नाई.

वेचणी: खरं बोललात, बरं वाटलं. पण अर्ध्या रोजीत तिच्या रक्त-लघवीच्या तपासण्या अन् नागपूरचं एसटी भाडं निघत नाही. उरलेली अर्धी तुम्ही द्यावी असं मी म्हणत नाही, ती सरकारनं द्यावी. त्यासाठीच नाव यादीत पाहिजे.