मदत हवी आहे: प्रयोगात सहभागीच्या हाताचं बोट नकळत खाली ओढायचंय, पण आवाज न होता

एमएच्या प्रबंधासाठी 'हे मीच केलं' ही जाणीव मोजतेय. आधार पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांचा 2002 चा प्रयोग. स्वतः कळ दाबल्यावर 250 मिलिसेकंदांनी आवाज आला, तर कळ जरा उशिरा दाबली आणि आवाज जरा लवकर आला असं वाटतं. दोन्ही जवळ सरकतात. मेंदूला बाहेरून चुंबकीय स्पंदन देऊन बोट हलवलं, की उलट लांब जातात. मला तर सगळं मर्म या फरकातच दिसतं.

ते चुंबकीय यंत्र आमच्या कॉलेजात नाही. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोलेनॉइड (वीज दिली की दांडी आत खेचणारी तारेची गुंडाळी) आणून दोरीने बोट कळीवर खाली ओढते. पण तो 'टक्' वाजतो आणि सहभागी त्या टक्‌लाच धरून वेळ सांगतात. हेडफोन घातले, खाली फोम लावला. टेबलातून कंपन येतंच. मैत्रिणीने हाताने बोट दाबलं, तर तिच्या हालचालीवरून आधीच अंदाज येतो.

वेळ कळच नोंदवते (सायकोपाय हे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर, वायरचा कीबोर्ड), त्यामुळे ओढायला थोडा उशीर झाला तरी चालेल. बजेट दोन हजार.

सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर) एवढी शांत असते का? की सोलेनॉइड शेजारच्या खोलीत ठेवून सायकलच्या ब्रेकच्या केबलने बोट ओढावं?