उत्तर: वाडा मोकळा होताना भांडी वजनावर घ्यावीत की नगावर?

वर विचारलंय म्हणून सांगतो, निदान आमच्या सातारा-वाईकडचं. वाडा पाडायला काढला की मालकाने मोडीचा भाव आधीच काढलेला असतो. त्याहून किलोमागे थोडे जास्त द्या, पण निवडून घ्या. सरसकट ढीग उचलला तर निम्मा माल शेवटी तुम्हीच मोडीत घालणार.

तांब्याचा बंब दिसला की हुरळून जाऊ नका. मधल्या नळीत जाळ होतो, भोक तिथेच पडतं. पाणी भरा, राखेच्या जागी कोरडा कागद सरकवा आणि मालकाशी चहा होईपर्यंत थांबा. कागद भिजला तर तो शोभेचा बंब, भावही तसाच लावा. खिशात लोहचुंबक हवाच. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच चिकटतं. काठावर कोरलेली नावं मात्र घासू नका, गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. बफ, म्हणजे मशीनवरचं पॉलिश, तर अजिबात नको, चिंच-मीठ पुरे.

सांगलीत कृष्णाकाठचं फर्निचर घेताना २००५ आणि २०१९ चा पूर लक्षात ठेवा. कपाटाचे पाय आणि मागची फळी बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि ते 'शंभर वर्षांपूर्वीचं' असं जाहिरातीत ठोकून देणं बंद करा राव! १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडते, तिच्या धंद्याला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. पोथ्यांना मर्यादा ७५ वर्षांचीच. देवघरातल्या मूर्ती मी घेतच नाही.