'दुटप्पी', 'बाधित' आणि 'मावेजा' : सडकेच्या झाडांविषयी बोलताना

प्रश्न असा आला आहे की, महामार्गाच्या रुंदीकरणासाठी शेकडो झाडे तोडण्याचा आग्रह धरणारे आणि ५ जूनला रोप लावून पर्यावरणावर भाषण करणारे पुढारी एकच असतील, तर त्यांच्या वागण्याला 'दांभिक' म्हणावे, 'ढोंगी' म्हणावे की 'दुटप्पी', आणि या तीन शब्दांत काही फरक आहे की नाही.

फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. 'दंभ' म्हणजे अंगी नसलेला गुण असल्याचा देखावा. दांभिक ठरवलेल्या माणसाच्या मनात झाडांविषयी खरोखर काहीच नाही, असा निवाडा आपण दिलेला असतो. 'ढोंग' हे एखाद्या प्रसंगापुरतेही असू शकते. झोपेचे ढोंग, आजारपणाचे ढोंग असे आपण म्हणतो. तिथेही माणसाच्या मनात प्रत्यक्षात काय आहे, हे ठाऊक असल्याचा दावा असतोच. 'दुटप्पी' या शब्दाला मनात डोकवावे लागत नाही. त्यात 'दु' आणि 'टप्पा' हे दोन घटक उघड दिसतात, आणि तो मुख्यतः बोलण्याला व धोरणाला लागतो. एकाच तोंडची दोन विधाने शेजारी ठेवली की दुटप्पीपणा सिद्ध होतो. बोलणाऱ्याला झाडे मनापासून आवडत असली तरीही. सार्वजनिक वादात पुरावा कागदावरचाच असतो, म्हणून मी 'दुटप्पी' हाच शब्द निवडीन.

नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, लातूर आणि धाराशिव या आपल्या मराठवाड्यातील सहा जिल्ह्यांतूनही आखलेल्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे उदाहरण घ्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर भूसंपादनाची अधिसूचना कोल्हापूर जिल्ह्यापुरती मागे घेण्यात आली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली. येथे कोणाच्या हेतूची चर्चा करण्याची गरजच नाही. दोन निर्णयांच्या तारखा पुरेशा आहेत.

परंतु माझ्या मते खरा दुटप्पीपणा भाषणांपेक्षा सरकारी मराठीत अधिक मुरलेला आहे, आणि शब्दचर्चेत त्याकडेच पाहायला हवे. आमच्या गावाजवळची सडक चौपदरी करायचे ठरले, तेव्हा कडेच्या वडांची आणि कडुनिंबांची साल हातभर तासून त्या ओल्या जागेवर पांढऱ्या रंगात आकडे टाकले गेले. ज्या वडाखाली एसटीची वाट पाहत आम्ही वाढलो त्याच्यावर २१४ हा आकडा होता, आणि तासलेल्या जागेतून पाझरलेल्या चिकाचा एक ओघळ त्या चारावर सुकून बसला होता. कामाच्या कागदात ही झाडे 'रस्त्यास बाधक' होती. त्याच झाडांविषयी सभेत बोलताना मात्र 'बाधित झाडांच्या दहापट झाडे लावू' असे आश्वासन देण्यात आले. संस्कृतातील 'बाध्' या धातूला अडवणे आणि पीडा देणे असे दोन्ही अर्थ आहेत. 'बाधक' म्हणजे अडवणारा आणि 'बाधित' म्हणजे ज्याला पीडा पोहोचली तो. एकच झाड कागदावर अपराधी आणि व्यासपीठावर पीडित ठरले, आणि दोन्हीकडे 'तोड' हा साधा शब्द टळला. १९६४ च्या कायद्याच्या नावात तो राजरोस आहे : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम. कायद्याला जो शब्द उच्चारायला संकोच वाटला नाही, तो जाहीर सूचनेत का येऊ नये?

'बाधित' आणि 'ग्रस्त' यांतील अंतर मराठवाड्याला कोणी समजावून सांगायला नको. जायकवाडीच्या नाथसागरात ज्यांची गावे गेली ते धरणग्रस्त झाले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात ज्यांची घरे पडली ते भूकंपग्रस्त. 'ग्रस्त' म्हणजे मुळात गिळला गेलेला. आपल्याकडे मात्र या शब्दाला दाखला जोडलेला आहे, नोकरीतले समांतर आरक्षण जोडलेले आहे, म्हणजेच शासनाकडे मागण्याचा हक्क जोडलेला आहे. 'बाधित' या शब्दातून असा हक्क आपोआप ध्वनित होत नाही. झाडाला 'बाधित' म्हटले की हळहळ व्यक्त होते आणि देणे मात्र कोणाच्याच नावावर चढत नाही.

हाच भेद 'भरपाई' आणि 'मावेजा' यांत आहे. मावेजा हा आपल्याकडे निजामाच्या राजवटीतील दप्तरातून रुळलेला शब्द. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू असा आहे. शेतकरी 'जमिनीचा मावेजा मिळाला' असे म्हणतो, 'भरपाई झाली' असे क्वचितच म्हणतो, आणि त्याचे हे बोलणे अचूक आहे, कारण पैसे मिळतात पण गेलेली काळी जमीन भरून येत नाही. शेतातल्या आंब्याचे वा चिंचेचे मूल्यांकन २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तज्ज्ञांकडून करून घेण्याची तरतूद आहे. सडकेच्या कडेचा वड कोणाच्याच सातबाऱ्यावर नसतो, त्यामुळे त्याचा मावेजा मागायला कोणी उभा राहत नाही, आणि त्याच्या वाट्याला 'भरपाई वृक्षलागवड' हे मोठे नाव येते. आमच्या सडकेवर ही भरपाई दुभाजकातल्या कण्हेरीच्या रूपाने झाली आहे. कण्हेर धूर आणि ऊन सोसते, म्हणून तिची निवड चुकीची नाही. परंतु तिच्या सावलीत बैलजोडी सोडता येत नाही, आणि मोजणीत ती व वड दोन्ही 'एक' धरले जात असतील, तर 'दहापट' या शब्दाला काय अर्थ उरतो?

'लावणे' या क्रियापदाचेही असेच झाले आहे. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. सत्ताबदल झाल्यावर २०२१ मध्ये याच लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. दोन्ही बाजूंनी वापरलेले मुख्य क्रियापद 'लावली' हेच होते. आपल्याकडे जुनी माणसे 'झाड लावलं' असे न म्हणता 'झाड जगवलं' असे म्हणतात, कारण मराठवाड्यात खड्ड्यात रोप ठेवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते सलग तीन उन्हाळ्यांतून जगवणे हे खरे काम आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे रोपाच्या वाट्याला टँकर कुठून येणार, याचा हिशेब 'लागवड' या शब्दात नाही, 'जगवणूक' या शब्दात आहे.

प्रश्नात 'रुंदीकरण' आणि 'विस्तारीकरण' यांचाही उल्लेख आहे. 'विस्तार' हाच शब्द पुरेसा असताना त्याला 'ईकरण' जोडणे अनावश्यक आहे. 'रुंदीकरण' मात्र रूढ झाले आहे आणि ते असू द्यावे. ही केवळ शुद्धलेखनाची बाब नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ३० किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या राष्ट्रीय महामार्ग-विस्ताराला, वीस मीटरपेक्षा जास्त वाढीव जागा लागत असेल तर, पूर्वमंजुरी आवश्यक होती. २०१३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर आणि चाळीस मीटरपर्यंत नेण्यात आली. उत्तराखंडातील सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम मार्ग पुढे ५३ तुकड्यांत विभागला गेला आणि अशा मंजुरीची गरज उरली नाही. म्हणजे 'प्रकल्प' या शब्दाने संपूर्ण रस्ता समजायचा की त्याचा एक तुकडा, यावर हजारो झाडांचे भवितव्य ठरते.

याच प्रश्नाला जोडून एक पुरवणी विचारणा आहे : 'रस्ताही हवा आणि सावलीही हवी असे म्हणणारे आपण सामान्य लोकसुद्धा दुटप्पीच नाही का?' माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. दोन गोष्टींची एकाच वेळी गरज असणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. अरुंद सडकेवर उसाच्या ट्रॉलीला धडकून घरातला माणूस गेलेल्यांनी चौपदरी रस्ता मागितला, तर त्यांना झाडांचे वैरी म्हणणे अन्यायाचे आहे. आणि जुन्या वडांची रांग दुभाजकात ठेवून दुसरी बाजू पलीकडून न्यावी असे सुचवणाऱ्याला विकासविरोधी म्हणणेही तितकेच अन्यायाचे आहे. हे दोघेही आपली मागणी सगळीकडे एकाच शब्दांत मांडतात. श्रोते बदलले की ज्याचे शब्द बदलतात, त्यालाच 'दुटप्पी' हे विशेषण लावावे.

वापराबद्दल विचारले आहे म्हणून एक सूचना करतो. बातमी, निवेदन किंवा हरकत लिहिताना 'बाधित झाडे' असे लिहू नये. 'तोडावयाची झाडे' असे लिहावे, पुढे जात आणि बुंध्याचा घेर द्यावा, आणि 'लावलेली झाडे' या रकान्याशेजारी 'तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत' असा आणखी एक रकाना मागावा.